सीसीएनएला क्लासचा दाखला लागत नाही

दारव्हा-दिग्रसकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सीसीएनएबद्दल (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची प्रमाणपत्र परीक्षा) एक मेसेज फिरतोय: ‘सीसीएनए परीक्षेला मान्यताप्राप्त क्लासचा दाखला अनिवार्य. घरी शिकणाऱ्यांचा फॉर्म रद्द होतो.’ खाली अर्थातच एका क्लासचा नंबर.

हे खोटं आहे. या परीक्षेला सिस्कोची कुठलीच पूर्वअट नाही. ना क्लास, ना इंजिनिअरिंगची पदवी. परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यू कंपनीच्या साइटवर खातं काढायचं, 300 डॉलर अधिक कर भरायचा, तारीख घ्यायची. नाव मात्र ओळखपत्रावर आहे अगदी तसंच टाका. पेपर एकच, कोड 200-301, वेळ 120 मिनिटं. पास झालात की प्रमाणपत्र 3 वर्षं चालतं.

‘प्रॅक्टिकलला महागडे राऊटर लागतात’ हेही त्याच मेसेजात आहे. खरं तर सिस्कोचं पॅकेट ट्रेसर (कॉम्प्युटरवरच खोटे राऊटर जोडून सराव करायचं सॉफ्टवेअर) फुकट मिळतं, सिस्कोच्याच नेटवर्किंग अकॅडमीचं फुकट खातं तेवढं काढावं लागतं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर त्यात दोन राऊटर जोडले, तर वायरीवरचे त्रिकोण लालच. तासभर डोकं खाजवलं. राऊटरचं पोर्ट मुळात बंदच असतं, ‘नो शटडाउन’ ही कमांड टाकल्यावर सुरू होतं, हे तेव्हा कळलं. दुसऱ्या बाजूलाही टाकलं, त्रिकोण हिरवे झाले, आणि नेमकी तेव्हाच घरची लाइन (वीज) गेली. (फाइल सेव्ह करत चला बाप्पा.)

लाइनीच्या याच भानगडीमुळे घरून ऑनलाइन पेपर देण्यापेक्षा नागपूरचं केंद्र बरं, असं माझं मत. आणि ‘पासिंग गॅरंटी’ म्हणून विकले जाणारे, पेपरातून फोडलेले प्रश्नसंच घेऊ नका. पकडलं तर सिस्को निकालच रद्द करते.