अमेरिकेत फोन फुकट भेटते म्हणे!

राजेहो, दर सप्टेंबरला नवा आयफोन आला की आमच्या भाच्याचं रडगाणं सुरू होतं. "मामा, तिकडे अमेरिकेत फोन फुकट भेटते. कंपन्याच देऊन राहिल्या. अन् इथं साध्या सतरा नंबरचे ब्याऐंशी हजार नऊशे मोजा." परवा तर त्याने व्हेरायझन आणि एटी अँड टी अशा तिकडच्या दोन मोबाइल कंपन्यांच्या जाहिराती दाखवल्या आणि म्हणे, फोनवरून असं भांडण आपल्याकडच्या कंपन्यांत लागलं पाहिजे, मग पब्लिकचा फायदा.

मी नागपूरच्या प्रतापनगरात दहा-बारा वर्षं रिचार्जचं दुकान चालवलंय. काउंटरवर लापू सिमचे, म्हणजे रिचार्ज मारायच्या सिमचे, चार साधे फोन एका रांगेत, ड्रॉवरमध्ये नव्या सिमच्या अर्जांचा, म्हणजे कॅफ फॉर्मचा गठ्ठा आणि दर महिन्याला डोक्यावर बसलेला डिस्ट्रिब्युटरचा पोऱ्या, "भाऊ, ॲक्टिव्हेशन कमी पडून राहिले" म्हणत. कंपन्यांची भांडणं मी जवळून पाहिली आहेत. म्हणून भाच्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो, जरा सविस्तर.

पहिलं म्हणजे ते फुकट फुकट नसतं. तुमचा जुना फोन द्यायचा, वरच्या दराचा प्लॅन घ्यायचा आणि फोनची किंमत छत्तीस महिन्यांच्या बिलातून थोडी थोडी वजा होणार. मधेच कंपनी सोडली तर उरलेली वजावट गेली, राहिलेले पैसे भरा. एटी अँड टीचा नियम तर असा की हप्ते पूर्ण फिटेपर्यंत फोन अनलॉकच करून देत नाहीत, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम त्यात चालतच नाही. तीन वर्षं! आपल्याकडे तीन वर्षांत माणूस दोनदा घर बदलतो, चारदा रिचार्जचा प्लॅन.

आता ते भांडण. ते खरंच पाहण्यासारखं होतं, त्यामुळे थोडं मागे जाऊ. ॲपलने आयफोन आधी व्हेरायझनकडे नेला होता. अटी ऐकून व्हेरायझनने नाही म्हटलं. मग सिंग्युलर कंपनी तयार झाली, तीच पुढे एटी अँड टी झाली, आणि २९ जून २००७ ला आयफोन फक्त त्यांच्याकडे विकायला आला. चारशे नव्याण्णव आणि पाचशे नव्याण्णव डॉलर, वर दोन वर्षांचा करार. दुसऱ्या वर्षी थ्रीजी आयफोन आला तेव्हा किंमत १९९ डॉलर दाखवली आणि लोक तुटून पडले. बाकीचे पैसे कंपनी महिन्याच्या बिलातून वसूल करायचीच, पण ते पाटीवर दिसत नव्हतं.

झालं काय, की लोकांनी त्या फोनवर इंटरनेट इतकं वापरलं की एटी अँड टीचं नेटवर्क बसलं. न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांत बोलता बोलता कॉल कटायचे. हातात जगातला सगळ्यात चर्चेचा फोन आणि रेंज मात्र पावसाळ्यातल्या आमच्या दुकानासारखी. व्हेरायझनने हे बरोबर हेरलं. २००९ मध्ये त्यांनी जाहिरातीत अमेरिकेचे दोन नकाशे शेजारी शेजारी लावले. आपला लालेलाल भरलेला, एटी अँड टीचा इकडे-तिकडे निळे ठिपके पडलेला. थ्रीजीच्या कव्हरेजचे नकाशे होते ते. एटी अँड टी चिडून कोर्टात गेली की लोकांना वाटेल रिकाम्या भागात आमची सेवाच नाही. व्हेरायझनचं उत्तर काय तर, सत्य बोचतंय म्हणून कोर्टात आलेत! जाहिराती काही थांबल्या नाहीत आणि डिसेंबरात एटी अँड टीने दावा मागे घेतला. त्याच दिवाळीच्या सुमारास व्हेरायझनने मोटोरोलाचा ड्रॉइड फोन आणून आयफोनला काय काय येत नाही याची यादी टीव्हीवर दाखवली. आणि ज्या फोनची अशी टर उडवली, तोच फोन ११ जानेवारी २०११ ला याच कंपनीने न्यूयॉर्कमध्ये मोठा समारंभ करून जाहीर केला. १० फेब्रुवारीपासून विक्री. व्हेरायझनचा तो आयफोन सीडीएमए नावाच्या वेगळ्या तंत्रावर चालायचा, त्यामुळे कॉल चालू असताना इंटरनेट बंद. आता टोमणे मारायची पाळी एटी अँड टीची.

भाच्याला वाटतं यात पब्लिकचा फायदा झाला. दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क मिळालं, तेवढा झालाच, नाही म्हणत नाही. पण याच भांडणाच्या काळात आणखी काय घडलं ते बघा. व्हेरायझनने नोव्हेंबर २००९ मध्ये स्मार्टफोनचा करार मोडायचा दंड १७५ डॉलरवरून ३५० केला. एटी अँड टीने जून २०१० मध्ये तो १७५ चा ३२५ केला. त्याच महिन्यात एटी अँड टीने नव्या गिऱ्हाइकांसाठी अनलिमिटेड डेटा बंद केला, वर्षभराने व्हेरायझननेही तेच केलं. म्हणजे टीव्हीवर एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या आणि मागच्या बाजूने दोघंही गिऱ्हाइकाच्या दाराला कडी घालताहेत. भांडण फोनसाठी नव्हतंच. गिऱ्हाईक दोन वर्षं कोणाच्या गोठ्यात बांधायचं यासाठी होतं, फोन नुसता दावं होता.

हे दावं कापायला तिकडे पोरं बसलीच होती. २००७ च्या ऑगस्टमध्येच जॉर्ज हॉट्झ नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने आयफोन अनलॉक करून दाखवला आणि त्या फोनच्या बदल्यात एकाकडून निसानची ३५० झेड गाडी घेतली. आपल्या पैशाने घेतलेला फोन अनलॉक करता यावा म्हणून अमेरिकेला पुढे चक्क कायदा करावा लागला, २०१४ मध्ये. आमच्या बर्डीच्या बाजारात हेच काम तेव्हा चहा येईपर्यंत व्हायचं. (कसं, ते विचारू नका.)

आपल्याकडे आयफोन आला २२ ऑगस्ट २००८ ला. एअरटेल आणि व्होडाफोन, दोघांकडे एकदम. मध्यरात्रीचे कार्यक्रम वगैरे झाले. मला वाटलं आता हे दोघं किमतीवरून भिडतील. तर दोघांचीही किंमत तीच, आठ जीबीचे ३१,००० आणि सोळाचे ३६,१००. रुपयाचा फरक नाही! शिवाय नाव थ्रीजी, आणि थ्रीजी सेवा देशात सुरूच झालेली नव्हती. अमेरिकेत १९९ डॉलर, म्हणजे तेव्हाचे आठ-नऊ हजार रुपये, असं पेपरात वाचलेला प्रत्येक जण दुकानात येऊन शिव्या घालायचा. कराराची गोष्ट पेपरात तेवढ्या मोठ्या अक्षरात नसायची.

जाता जाता एक गंमत. ज्या एटी अँड टीवरून हे रामायण, ती आपल्याला परकी नाही. महाराष्ट्रात मोबाइल नवा नवा आला तेव्हा 'बिर्ला एटी अँड टी' होतं, आठवतंय? तीच पुढे आयडिया झाली, मग २०१८ मध्ये व्होडाफोनशी लग्न लागलं आणि आता नुसतं 'व्हीआय'.

आपण नागपूरकर या सापळ्यातून वाचलो, याचं श्रेय मी कोणत्याही कंपनीला देत नाही. ट्रायला, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेला, थोडं देतो, कारण आपला नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २० जानेवारी २०११ ला सुरू झाली. म्हणजे व्हेरायझनने आयफोनचे ढोल वाजवले, त्याच महिन्यात. तिकडे आवडता फोन दुसऱ्या कंपनीकडे मिळू लागला म्हणून उत्सव आणि इथे १९०० वर एक मेसेज टाकला, फार तर एकोणीस रुपये दिले, की नंबर घेऊन माणूस मोकळा. त्या आठवड्यात दुकानात नुसती पोर्टची गर्दी. डिस्ट्रिब्युटरचा पोऱ्या पहिल्यांदा माझ्याशी गोड बोलला.

पण जास्त श्रेय ड्युअल सिमच्या स्वस्त फोनला. मायक्रोमॅक्स आणि ते बिननावाचे चायना फोन, ज्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. आपण हसायचो त्यांना. पण टाटा डोकोमोने २००९ मध्ये सेकंदाला एक पैसा आणला तेव्हा लोकांनी जुना नंबर सोडून दिला नाही. एका खोबणीत जुनं सिम इनकमिंगला, दुसरीत डोकोमो आउटगोइंगला. सौंसर-पांढुर्ण्याकडे ज्यांची सोयरिक, त्यांच्या दुसऱ्या खोबणीत मध्य प्रदेशचं सिम, कारण सावनेर ओलांडलं की थोड्या वेळात सर्कल, म्हणजे कंपनीचा सेवेचा इलाखा बदलायचा आणि रोमिंगमध्ये इनकमिंगलाही पैसे कटायचे. बॉर्डर आली की बसमध्ये लोक सिम बदलायचे, मी स्वतः पाहिलंय. नोकियासारख्या कंपनीला हे कळायला २०१०-११ उजाडलं. आयफोनला दुसरं सिम यायला तर २०१८.

आयफोन चारला मायक्रो सिम, म्हणजे नेहमीपेक्षा लहान सिम लागायचं. नवं सिम मागवायला कोणाला वेळ होता? स्टेपलरसारखा एक कटर मिळायचा, तो माझ्या काउंटरवर असायचा. सिम खाचेत बसवायचं, सोनेरी चकतीची कड बरोबर रेषेवर आली का ते वाकून बघायचं आणि एक कट्ट. गिऱ्हाइकाचा श्वास अडकलेला. कापलेली पांढरी चौकट मी त्याच्या हातात द्यायचो, कारण उद्या फोन विकला तर ती परत लावून सिम जुन्या फोनात घालता यायचं. कोणत्याही कंपनीचं सिम, कोणताही फोन. फोन आपला, सिम त्यांचं, मधे फक्त एक कटर. अमेरिकेतल्या त्या सगळ्या कोर्टकचेरीपेक्षा मला हे जास्त सुधारलेलं वाटतं, हसायचं तर हसा.

जिथे आपण फोन कंपनीकडूनच घेतला, तिथे फसलो. जयताळ्याच्या एक काकू यायच्या. मुलाने हौसेने एका कंपनीचा सीडीएमए हँडसेट घेऊन दिला होता, त्याच कंपनीवर चालणारा. पुढे ती सेवाच बंद झाली. फोन चकाचक, बॅटरी ठणठणीत आणि उपयोग शून्य. "दुसरं सिम घाल न बापू यात," म्हणायच्या. घालायला जागाच नव्हती. कंपनीचं नाव घेत नाही.

२०१७ मध्ये हाच खेळ पुन्हा झाला. जिओने पंधराशे रुपये अनामत घेऊन जिओफोन आणला, चालणार फक्त जिओच्या सिमवर. लगेच एअरटेलने कार्बनला हाताशी धरलं आणि व्होडाफोनने मायक्रोमॅक्सला. पाटीवर तेराशे नव्याण्णव, नऊशे नव्याण्णव. पण एअरटेलचा तो फोन हातात येताना २,८९९ मोजायचे आणि पंधराशे परत कधी, तर ५०० दीड वर्षाने, १,००० तीन वर्षांनी, तेही तोवर ठरल्याइतका रिचार्ज करत राहिलात तर. ओळखीचं वाटतंय ना? छत्तीस महिने! तरी न्यायाने सांगतो, त्या जिओफोनमुळे हिंगण्या-कळमेश्वरकडच्या कितीतरी बायाबापड्यांच्या हातात पहिल्यांदा इंटरनेट आलं. ते नाकारणं हा करंटेपणा होईल.

मला भीती वाटते ती आताची. खासगी कंपन्या उरल्या तीन, त्यातली एक धापा टाकतेय. जुलै २०२४ मध्ये तिघांनीही एकाच आठवड्यात दर वाढवले. जिओचा १५५ चा प्लॅन १८९ झाला, एअरटेलचा १७९ चा १९९. पूर्वी दुसरं सिम दहा रुपयांच्या टॉपअपवर जिवंत राहायचं. आता रिचार्ज संपला की आधी आउटगोइंग जातं, मग इनकमिंग. त्यामुळे लोक दुसरं सिम काढून टाकताहेत. आमच्या सोसायटीतल्या निवृत्त मंडळींनी तर एकेकाने ते काढून टाकलं, काही बीएसएनएलला गेले आणि रेंज शोधत गच्चीवर फिरताहेत. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलं की फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले पॅक द्या. आले, पण ८४ दिवसांचे किंवा वर्षभराचे, एकदम पैसे मोजायचे. ज्याच्यासाठी नियम केला, त्याच्या खिशात महिन्याचे पैसे महिन्याला येतात हो.

वर नवा आयफोन एअर. त्यात सिमची खोबणच नाही, सगळं ई-सिम, म्हणजे फोनातच बसवलेलं सिम. अमेरिकेतल्या आयफोनांतून ती २०२२ मध्ये चौदा नंबरपासूनच गेली. सोयीचं आहे, मान्य. पण माझ्या कटरच्या काळात सिम या फोनातून त्या फोनात टाकायला कोणाची परवानगी लागत नव्हती. आता ई-सिम हलवायचं तर कंपनीच्या सिस्टिमने हो म्हटलं पाहिजे, ओटीपी आला पाहिजे, आणि फोनच बिघडला असेल तर ओटीपी कुठल्या बोडख्यावर येणार?

म्हणून भाच्याला म्हटलं, फोनवरून कंपन्या भांडायला हव्यात हे नवस बोलू नको. त्यांना दरावरून भांडू दे, रेंजवरून भांडू दे, तिथे मी शिट्ट्या मारायला पहिला. आणि ट्रायकडे मागायचंच असेल तर दोन गोष्टी मागा: नंबर नुसता जिवंत ठेवायचा महिन्याचा स्वस्त पॅक आणि ई-सिम कंपनीच्या दारात न जाता हलवायची सोय. तो म्हणाला, "मामा, मला सतरा घ्यायचा आहे, तुम्ही कुठं चालले?" घे म्हटलं, बर्डीवरून रोखीने घे, हप्त्याने घे, पण सिमच्या कंपनीकडून घेऊ नको.

आणि हो, "कोणत्या कंपनीत पोर्ट करू?" म्हणून इनबॉक्स करू नका. तुमच्या किचनमध्ये कोणाची रेंज येते हे मला प्रतापनगरात बसून कसं कळणार? शेजाऱ्याचा फोन मागा, ओट्याजवळ उभे राहा अन् पाहून घ्या.