दुसरा उकार

परवा झेरॉक्सवाल्याने माझं शुद्धलेखन काढलं. मी मराठीचा प्राध्यापक, नोकरीला बावीस वर्षं झाली, आणि दुकानात माझ्या मागे एफवायच्या तीन मुली आधार कार्डाची झेरॉक्स काढायला उभ्या. त्यांच्यादेखत हा गृहस्थ फाइलच्या कव्हरवर बोट ठेवून विचारतो, "सर, मूल्यमापनला दुसरा उकार ना?"

होय, दुसरा. मी पहिला टाकला होता. रात्री दीड वाजता टाकला होता, पण ते काही कव्हरवर छापता येत नाही.

कॉलेजला नॅकची, म्हणजे कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या संस्थेची, कमिटी येतेय, एवढं सांगितलं की बाकीचं कळलंच असेल. मागच्या खेपेला आम्हाला चारपैकी २.९७ मिळाले, म्हणजे बी डबल प्लस. 'ए' सुरू होतो ३.०१ ला. ते चार शतांश कुणी घालवले यावर स्टाफरूममध्ये आजही चहा थंड होतो. हिंदीवाले ग्रंथालयाकडे बोट दाखवतात, ग्रंथालय जिमखान्याकडे, आणि शेवटी सगळे मिळून मराठीकडे बघतात.

तर झेरॉक्सवाले भाऊ. आजूबाजूच्या चार कॉलेजांच्या फाइली यांच्याच हातून स्पायरल होऊन जातात, त्यामुळे नॅकचे सातही निकष त्यांना आमच्या प्राचार्यांपेक्षा पक्के पाठ. सेपरेटर कोणत्या रंगाचा घ्यायचा याचा आयक्यूएसीचा, म्हणजे आमच्याच कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचा, मेसेज माझ्याआधी त्यांच्या मोबाइलवर येतो. पान उलटताना ते बोटाला थुंकी लावतात आणि प्रत्येक पानाला "हं" म्हणतात. पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला माझ्या बाह्य परीक्षकांनी असं "हं" म्हटलं होतं, त्यानंतर थेट हाच.

"सर, क्रायटेरिया टू तुमचा बारीक झालाय."

"बारीक म्हणजे?"

"जाडीला. शेजारच्या कॉलेजचा मराठी विभाग बघा, दोन बॉक्स फाइली. नाव नाही सांगत, आपल्याकडं गुप्तता असते."

"अहो, सत्तर टक्क्यांच्या आसपास गुण तर ऑनलाइन भरलेल्या आकड्यांवर ठरतात. कमिटीच्या हातात उरतात तीसेक."

"मग ह्या फाइली त्या तीसासाठी," भाऊ म्हणाले. "आणि माझ्यासाठी."

मागच्या तिघींपैकी एक फिसकन हसली. तिला मी तुकाराम शिकवतो.

तुकारामांचंही सांगतो. अभ्यासक्रमाची निष्पत्ती लिहिताना 'विद्यार्थ्याला अभंग समजेल' असं लिहायचं नाही, कारण समजणं मोजता येत नाही. 'विश्लेषण करू शकेल' असं लिहायचं. मग परीक्षेतल्या गुणांवरून तीनपैकी अटेनमेंट, म्हणजे ते किती साधलं याचा आकडा, काढायचं. माझ्या तुकोबांचं आलं १.८२ आणि व्याकरणाचं २.४०. ज्या वर्गाला व्याकरणाच्या तासाला खिडकीबाहेरची म्हैस जास्त आवडते, त्या वर्गाचं! व्याकरणात जोड्या लावायला असतात, एवढंच त्यातलं रहस्य. पण अटेनमेंट कमी पडलं की कृती आराखडा द्यावा लागतो, म्हणून मी सहीनिशी लिहून दिलंय की तुकोबांसाठी उपचारात्मक वर्ग घेण्यात येतील. बरं, पुरे तीन पडले तर 'पुढील वर्षी लक्ष्य वाढवावे' असा शेरा येतो. म्हणजे म्हैस दोन्हीकडून पाण्यातच.

"हा फोटो नाही चालायचा," भाऊंनी पान ४१ वर हात ठेवला. "अक्षांश-रेखांश कुठंय?"

इथे मी चिडलो, आणि अजून चिडलेलोच आहे.

पाच-सहा वर्षांपूर्वी मी चौदा मुलांना घेऊन शेजारच्या वस्तीवर एका आजींकडे गेलो होतो. आजींना जात्यावरच्या ओव्या येत. किती येत हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, कारण हात फिरायला लागल्याशिवाय त्यांना एकही आठवायची नाही. कोपऱ्यात पडलेलं जातं पोरांनी ओढून आणलं, मूठभर ज्वारी घातली आणि आजी सुरू झाल्या. तीन तास. एका पोराने, जो वर्गात कधी पेन काढत नाही, वही संपल्यावर हातावर लिहून घेतलं. फोटो काढू का विचारलं, तर आजी म्हणाल्या, "पदर धड न्हाई, नगं." जातं ओढतानाचा एक तेवढा मिळाला. त्यात जातं आहे, पोरांच्या पाठी आहेत, रेखांश नाही.

याउलट २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. पाहुणे दीड तास उशिरा आले, कॉमर्सच्या पोरांना दार लावून बसवलं होतं, माइक शिट्ट्या मारत होता. त्याचे अकरा फोटो. प्रत्येकावर नकाशा, वेळ, अक्षांश. शिकवल्याचा भक्कम पुरावा.

गेले दोन महिने मी वर्गात जातो, 'पुढचा धडा वाचून ठेवा' म्हणतो आणि परत येऊन 'विद्यार्थीकेंद्री अध्यापन पद्धती'ची फाइल भरतो. आमच्या विभागात तीन मंजूर पदं, भरलेला एकटा मी. मंजूर पदांपैकी किती भरली, यालाही गुण आहेत. पदं भरायची सरकारने, गुण जायचे आमचे. तासिका तत्त्वावर एक मॅडम आहेत. त्यांना तासाचे पैसे मिळतात, तेही कधी मिळतील तेव्हा. फाइलचे मिळत नाहीत. अर्ध्या फाइली त्यांनीच केल्यात. 'मुल्यमापन' मात्र माझं.

"मनाला लावून घेऊ नका सर," भाऊ म्हणाले. "ते पेपरात वाचलं ना, फेब्रुवारी २०२५ ला? ए डबल प्लससाठी लाच घेतली म्हणून सीबीआयनं कमिटीतल्याच लोकांना धरलं. रोकड, सोनं, लॅपटॉप म्हणे. आपण अजून सेपरेटरच्या रंगावर अडलोय."

"आता ग्रेडही जाणार, मान्यता आहे किंवा नाही एवढंच राहणार," मी म्हणालो. २०२४ मध्ये तशी घोषणा झाली, तेव्हापासून आम्ही हे एकमेकांना धीर दिल्यासारखं सांगतो.

"फाइली राहतील ना?" भाऊंचा चेहरा पहिल्यांदाच उतरला.

राहतील म्हटल्यावर त्यांना हुरूप आला. तीस तासांचा व्हॅल्यू ॲडेड कोर्स, म्हणजे नेहमीच्या अभ्यासक्रमाबाहेरचा जोडकोर्स, माझ्या फाइलीत नव्हता, हे त्यांनी मघाच हेरलं होतं. "आपण सामंजस्य करार करू. मुद्रितशोधन आणि डीटीपी. पोरं इथं येतील, लग्नपत्रिका तपासतील. महिन्याला चाळीस पत्रिका येतात, एकीत 'आशीर्वाद' धड नसतो."

मी हसून सोडून देणार होतो. पण मागची ती फिसकन हसलेली मुलगी म्हणाली, "सर, मी येईन." नॅक राहू दे, 'मी येईन' हे वाक्य मी या वर्षात पहिल्यांदा ऐकलं.

कराराचा नमुना भाऊंच्या कॉम्प्युटरमध्ये तयारच होता, नुसती नावं बदलायची. आम्ही लॅमिनेशन मशीनपुढे हात मिळवले, तिने फोटो काढला. अक्षांश, रेखांश, वेळ ७.४२. जागच्या जागी रंगीत प्रिंट, पान ४१ वर. जातं निघालं.

बिल त्यांनी हाताने लिहिलं. 'एकूण मूल्य ₹६४०.' त्यातला उकार कागदाच्या कडेपर्यंत ओढला होता.