प्याला पुढे सरकवला तो रविवार

जूनचा तिसरा रविवार, म्हणजे फादर्स डे, आला की आमच्या चर्चच्या मंडळीत ठरलेला उपदेश होतो: बाप हा घराचा याजक, म्हणजे घराचा पुरोहित. आम्ही बाप माना डोलावतो, घरी येऊन मटणावर ताव मारतो आणि मुलांची प्रार्थना पुन्हा आईच्या गळ्यात. फार तर फॅमिली ग्रुपवर बायबलचं एक वचन फॉरवर्ड. (बायबलमध्ये प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याचा विश्वास कुठून आला हे सांगताना त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेतो. बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, होता, एवढंच बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात कळतं. म्हणजे दुखणं जुनंच!)

माझ्या पप्पांनी मला बसवून बायबल कधी शिकवलं नाही. मी दहा वर्षांचा असेन. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी बांधावरून पप्पांचं आणि काकांचं चांगलंच वाजलं होतं. त्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. भाकरीचं ताट आमच्या बाकापाशी आलं, पप्पांनी न घेता पुढे सरकवलं. प्यालाही. मला वाटलं, पोट बिघडलंय. परतताना सायकलवर मागून विचारलं, तर म्हणाले, "आधी काकाकडं जाऊन येऊ." सायकल मळ्याकडं वळली. दोघं काय बोलले ते मला कळलं नाही, काकूनं शेंगा भाजून दिल्या होत्या. पुढे संडे स्कूलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानातलं ते वचन पाठ करायला लागलं: अर्पण वेदीपुढे ठेव, आधी भावाशी समेट कर. मला ते आधीच येत होतं.

आता माझा मुलगा सोळाचा. चर्चला यायचं नाही म्हणतो. परवा मी ओरडलो, वायफाय बंद केलं. मग ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आठवले. १८९५ साली मुंबईत त्यांनी एकट्यानंच बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षांनी ख्रिस्ती झाल्या, त्या स्वतःच्या मनानं. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तावरचं काव्य पुढे लक्ष्मीबाईंनी लिहीत नेलं आणि शेवटचा अध्याय मुलानं, देवदत्तानं लिहिला. कुणी वायफाय बंद केलं नव्हतं.

'बापांनो, मुलांना चिरडीस आणू नका' हे वचन फादर्स डेला कुणी फॉरवर्ड करत नाही. मीही केलं नाही.

उद्या प्रभुभोजन आहे. पोरगा वरच्या खोलीत आहे, दार लावून. पप्पांना निदान सायकल तरी होती, मला नुसता जिना चढायचाय, आणि अर्धा तास झाला मी इथं टाइप करत बसलोय. जाऊन येतो.