लुकमा

रविवारी पोहे-जलेबीच्या ठेल्यावर आमच्या ग्रुपमधले एक काका म्हणाले, "ज्यांच्या कुराणातला काना-मात्रा हलत नाही, त्यांच्यात सुधारणा काय डोंबल होणार?" सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण माझं मत नेमकं उलटं आहे.

आमच्या इंदूरच्या बंबई बाजारात माझे ब्लाउज शिवणारे टेलरचाचा आहेत. त्यांचा नातू हाफिज झालाय, म्हणजे अख्खं कुराण पाठ असलेला. ६,२३६ आयती, म्हणजे वचनं, तोंडपाठ. रमजानात रात्रीच्या तरावीहच्या नमाजीला इमाम पठण करताना कुठे अडखळला, की मागे उभा असलेला हाफिज तिथल्या तिथे शब्द पुरवतो. याला 'लुकमा देणं' म्हणतात. लुकमा म्हणजे घास. आपले घनपाठी वैदिक तरी दुसरं काय करतात? आणि नाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा वर दमही भरला, की यात पदरची ओवी घालणं म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवणं.

(काना-मात्रेचंच म्हणाल तर कुराण म्हणायच्या परंपरा एकाहून जास्त आहेत: मोरोक्कोत वर्श पाठ चालतो, आपल्याकडे हफ्स. पहिल्याच सूऱ्यात, म्हणजे अध्यायात, आपल्याकडे 'मालिक', तिकडे 'मलिक', म्हणजे राजा. अक्षरशः एक काना! दोन्ही ग्राह्य.)

आता तलाकनंतर पोटगीसाठी कोर्टात गेलेल्या शाहबानो. आपल्या इंदूरच्याच. लग्न १९३२ चं, नवरा नावाजलेला वकील. मॅजिस्ट्रेटनं महिना २५ रुपये पोटगी बांधून दिली, हायकोर्टानं १७९ रुपये २० पैसे केली. तेवढ्यासाठी प्रकरण सुप्रीम कोर्टात! २३ एप्रिल १९८५ च्या निकालात कोर्टानं दुसऱ्या सूऱ्यातली २४१ वी आयत पुढे ठेवली: तलाक दिलेल्या बाईची रीतसर तरतूद करणं हे धर्मभीरू माणसाचं कर्तव्य. शब्द जपलेला होता म्हणून तर दाखवता आला. भांडण पेटलं ते अर्थावरून, आणि त्या दबावात या निकालाला बगल देणारा १९८६ चा कायदा आला. एका दमात तीन तलाक तर कुराणात नाहीच. तो नंतरच्या शास्त्र्यांनी ग्राह्य धरला आणि आयतीइतका पक्का होऊन बसला, २०१७ मध्ये कोर्टानं ३ विरुद्ध २ मतांनी रद्द करेपर्यंत.

मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंना माझा हा आयतींचा मार्ग पटला नसता. १८ एप्रिल १९६६ ला सात बायकांना घेऊन ते मुंबईत विधानभवनावर गेले, ते सगळ्यांना एकच कायदा मागायला. वारसाहक्काच्या आयतीपाशी मीही त्यांच्याच बाजूची. मुलाला मुलीच्या दुप्पट, हे तिथे स्वच्छ लिहिलंय. अर्थाची कितीही ओढाताण केली तरी दुप्पटचं बरोबरीनं होत नाही. पण पोटगीचं, तलाकचं बोलायचं तर चाचांच्या दुकानात मला कायद्याच्या कलमापेक्षा आयत उपयोगी पडते.

परवा नातवाला २४१ विचारली. पोरानं डोळे मिटून खणखणीत म्हणून दाखवली.

"और मतलब, बेटा?"

तो आजोबांकडे बघायला लागला. चाचांनी तोंडातली टाचणी काढली. "मतलब आगे के दर्जे में पढ़ाते हैं, ताई."

मग मीच त्याला अर्थ सांगितला. चाचा मशीन थांबवून ऐकत होते.