हॅमॉकमध्ये थंडी खालून लागते

डिसेंबर आला की मुंबईच्या ट्रेकिंग ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगून झोपायची कापडी झोळी, जमिनीपासून वर असतो, म्हणून गारवा लागत नाही. मॅट घरी ठेवा, जाड स्लीपिंग बॅग घ्या, वरून प्लास्टिक गुंडाळा, खाली निखारे ठेवा आणि दोन घोट रम घ्या. यावर विसंबून नवी मुलं सह्याद्रीत जातात आणि रात्रभर कुडकुडतात. म्हणून एकेक मुद्दा बघू.

"जमिनीपासून वर, म्हणून उबदार." नेमकं उलट. अंगाखालची जमीन थोडी तरी तापते. हॅमॉकखालची हवा सतत बदलते आणि दर झुळुकीला ऊब घेऊन जाते. त्यासाठी कडाका लागत नाही. पारा २० अंशांखाली गेला की पाठ आणि कुल्ले गार पडू लागतात. जानेवारीत सांताक्रूझलाच पहाटे १६-१७ अंश असतात. उंचीच्या दर हजार मीटरला तापमान ढोबळमानाने साडेसहा अंशांनी उतरतं, आणि कळसूबाई १६४६ मीटर आहे. म्हणजे माथ्यावर मुंबईहून दहाएक अंश कमी धरा.

"जाड स्लीपिंग बॅग पुरे." बॅगेची ऊब म्हणजे तिच्या भरावात अडकलेली हवा. पाठीखाली भराव चेपला की तिथे नुसतं कापड उरतं. आजी बाळाची झोळी बांधते तेव्हा आधी खाली गोधडी घालते. पैसेही जाड बॅगेवर नको, पाठीखालच्या थरावर खर्च करायचे.

६ ते १० मिलिमीटर जाडीच्या दोन फोमच्या योगा मॅट घ्या. एक लांबीत अखंड टाका. दुसरीतून १०० बाय ६० सेंटिमीटरचा तुकडा कापून खांद्यांखाली आडवा ठेवा, कारण हॅमॉकचं कापड दोन्ही दंडांना चिकटतं आणि ६० सेंटिमीटर रुंदीची मॅट तिथवर पोचत नाही. दोन्हींना चिरा पाडून नाडीने एकत्र बांधा, नाहीतर कूस बदलताच मॅट निसटते. हॅमॉक दुहेरी कापडाचा असेल तर मॅट दोन थरांमध्ये सरकवा. मग ती हलत नाही.

मॅटच्या जोडीला पॉलिस्टरची जुनी रजई हॅमॉकखाली टांगता येते. लांब कडांना नेफा शिवा, त्यातून इलॅस्टिकची दोरी ओवा, टोकं हॅमॉकच्या टोकांना बांधा. माणूस आत झोपल्यावर खालून हात घालून तपासा: रजई पाठीला टेकलेली हवी, पण ताणलेली नको. ढिली राहिली तर फटीतून वारा शिरतो, ताणली तर भराव चेपतो. सुती गोधडी इथे नको. दवाने ती जड आणि गार होते.

"प्लास्टिक गुंडाळा." अंगाची आणि श्वासाची वाफ आत अडकते, पहाटे बॅग ओली. त्यापेक्षा ३ बाय ३ मीटरची ताडपत्री वर ताणा आणि वाऱ्याच्या बाजूची कड गुडघ्याच्या उंचीपर्यंत उतरवा. ओढ्याकाठ आणि दरीचा तळ टाळा, रात्री गार हवा तिथेच साचते.

"खाली निखारे." हे खरोखर धोक्याचं आहे. नायलॉन एका ठिणगीने वितळतं, गवत वाळलेलं असतं, आणि ताडपत्री खाली ओढलेली असेल तर निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड जीवावर बेततो. शिवाय कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे. वणवा लागला तर आपण निघून येतो, जंगल तिथेच राहतं.

निखाऱ्यांऐवजी लिटरभर गरम पाणी स्टीलच्या साध्या बाटलीत भरा, झाकण घट्ट लावून उलटी करून बघा, मोज्यात घाला आणि मांड्यांमध्ये ठेवा. थर्मास नको, त्याची ऊब बाहेर येत नाही. पाण्याची पातळ प्लास्टिक बाटलीही नको, उकळतं पाणी ओतताच ती आक्रसते.

रमने रक्त त्वचेकडे धावतं. ऊब वाटते, पण शरीर आतून लवकर गार पडतं. झोपण्याआधी मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा खा, आणि घामाचा टी-शर्ट बदलूनच बॅगेत शिरा.