पासष्टीनंतर वारं गेलं तर माणूस दिव्यांग नसतो का?

गेल्या दोन महिन्यांत अण्णांना घेऊन तहसीलच्या संजय गांधी शाखेत, म्हणजे निराधार-दिव्यांगांना महिन्याला अनुदान देणाऱ्या योजनेच्या शाखेत, चार खेटे घातले. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. परभणी जिल्ह्यातलं आमचं गाव. अण्णांनी चाळीसेक वर्षं दुसऱ्याच्या शेतात साल धरलं. पाडव्याला साल ठरायचं, पुढच्या पाडव्याला हिशेब. सालगड्याला रिटायरमेंट नसते, अंग चालतंय तोवर राबायचं. सदुसष्टाव्या वर्षी, सोयाबीन काढणीत, बांधावरच त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं.

दवाखाना झाला, जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी झाली, दिव्यांगाच्या कार्डावर ६० टक्के अपंगत्व आलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्के लागतात आणि त्याला वयाची अट नाही. मला वाटलं, आता अनुदान सुरू होईल.

शाखेतल्या ताईंनी कागद नीट पाहिले. म्हणाल्या, "दादा, संजय गांधीत पासष्टच्या आतलेच बसतात. यांचं श्रावणबाळला टाका." त्यांचं काही चुकलं नाही, नियमच तसा आहे. श्रावणबाळ म्हणजे पासष्टीपुढच्या गरीब म्हाताऱ्यांची पेन्शन. तिथं टाकायला गेलो तर उत्पन्नाचा दाखला आडवा आला.

मेख इथंच आहे. संजय गांधी योजनेत दिव्यांगाच्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५० हजारांपर्यंत चालतं. श्रावणबाळमध्ये मर्यादा २१ हजारांची. चुलतभाऊ मजुरीला जातो, त्याच्या कमाईवर दाखला निघाला ४२ हजारांचा. म्हणजे हेच वारं तीन वर्षं आधी गेलं असतं तर अण्णा पात्र होते. हात तोच लुळा, घर तेच, खाणारी तोंडंही तेवढीच.

२१ हजार म्हणजे अख्ख्या घराला दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी ३१२ रुपये होती. घरातल्या एकट्या माणसानं वर्षात शंभर दिवस भरले तरी ३१,२०० होतात. मग या मर्यादेत खरं बोलून बसणारं घर मराठवाड्यात मला कुणी दाखवावं. लाडकी बहीणसाठी अडीच लाखांपर्यंतचं उत्पन्न चालतं. त्या बायांना मिळतंय ते मिळालंच पाहिजे, माझी काही तक्रार नाही. पण अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यासाठी २१ हजार कशासाठी?

केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग योजना ७९ वर्षांपर्यंत आहे, पण तिथं ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागतं. अण्णांकडे दोन्ही नाही.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं संजय गांधी आणि श्रावणबाळ या दोन्ही योजनांतल्या दिव्यांगांची रक्कम महिना दीड हजारावरून अडीच हजार केली. चांगलाच निर्णय आहे. आणि पासष्टीनंतरही माणूस दिव्यांग असतो, त्याचा खर्च इतर म्हाताऱ्यांपेक्षा जास्त असतो, हे त्याच निर्णयात मान्य झालंय. मग रक्कम दिव्यांगाची आणि उत्पन्नाची अट मात्र बिगर-दिव्यांगाची, असं कसं? श्रावणबाळमधल्या दिव्यांगालाही ५० हजारांची मर्यादा लावा. माझी मागणी एवढीच आहे.

गावात दोघातिघांनी सुचवलं, "२१ हजारांचा दाखला काढून आणा की, सगळेच काढतात." मी अण्णांना विचारलं. वारं गेल्यापासून बोलणं अडखळतं, तरी स्पष्ट म्हणाले, "आता या वयात खोटं कामून बोलू बाबा?" त्या माणसानं उभ्या जन्मात मालकाची मूठभर ज्वारीसुद्धा विचारल्याशिवाय घेतली नाही. नियमच असा असेल की खोटं बोलणारा आत आणि खरं बोलणारा बाहेर, तर तो नियम बदलायला पाहिजे.

निवेदन लिहून झालंय. उजव्या हातानं सही होत नाही म्हणून अण्णांचा डावा अंगठा उठवून घेतला. सोमवारी ते घेऊन तहसीलला आणि तिथून कलेक्टर कचेरीत जाणार आहे. तुमच्या गावात पासष्टीनंतर अपंगत्व आलेल्या कुणाला असंच परत पाठवलं असेल तर रविवारच्या आत मला कळवा, त्यांचेही अर्ज सोबत जोडतो.