लांब आतड्याचा माणूस

आमच्या गल्लीत कुणाच्या घरी काय शिजलंय हे वासावरून कळतं. ते पोटात गेल्यावर पुढं काय करतं, याची चौकशी मात्र आजवर कुणी केली नव्हती. माझी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी, अर्धवट राहिली आणि गल्लीची तीही भीड चेपली.

अर्धवट राहिली त्यात डॉक्टरांचा दोष नव्हता. मोठं आतडं असतं दीडेक मीटर. माझं त्याहून ऐसपैस, त्यात वेटोळी, आणि जुन्या ऑपरेशननं कुठं कुठं आतल्या आत चिकटलेलं. दुर्बीण निम्म्या वाटेवर अडून बसली. गुंगीतून जागा झालो तर डॉक्टर म्हणाले, "काका, आतडं फार लांब आहे हो तुमचं." बायको लगेच म्हणाली, "यांचं सगळंच लांबतं." बायकांना नवऱ्याबद्दलचं वैद्यकीय निदान कधीच नवीन नसतं.

आता राहिलेला निम्मा भाग बघायचा कसा? पॉलिप नावाचे कोंब नेमके न बघितलेल्या ठिकाणी वाढलेले असू शकतात, आणि काही कोंब पुढं जाऊन कॅन्सरचं वळण घेतात, त्यामुळं 'जाऊ द्या' म्हणायची सोय नाही. पुन्हा दुर्बीण, नाहीतर पोटात हवा भरून सीटी स्कॅन, नाहीतर कॅमेऱ्याची कॅप्सूल. 'हवा भरून' हे ऐकल्याबरोबर मी कॅप्सूलकडं झुकलो.

ही कॅप्सूल म्हणजे भारी प्रकरण. मूळ कल्पना गॅव्हरिएल इडान या इस्रायली अभियंत्याची. गृहस्थ क्षेपणास्त्रांच्या कॅमेऱ्यावर काम करायचा. लहान आतड्याच्या कॅप्सूलला अमेरिकेत 2001 साली परवानगी मिळाली. मोठ्या आतड्याची 2014 साली मंजूर झाली, तीही खास माझ्यासारख्या अर्धवट राहिलेल्यांसाठी. तिला दोन्ही टोकांना कॅमेरे. हळू सरकत असली तर सेकंदाला चार फोटो, पळायला लागली तर पस्तीस. आमच्या लग्नाचा अख्खा अल्बम हिनं दोन-तीन सेकंदांत संपवला असता.

"कुठं अडकली तर?" बायकोनं विचारलं.

"आतडं कुठं आवळलेलं नाही ना, ते आधी बघतो. तरी अडकलीच, तर काढावी लागते," डॉक्टर म्हणाले. कशी काढतात ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

मला वाटलं, गिळायची आणि मोकळं व्हायचं. पण दुर्बिणीला निदान पाणी मारून वाट धुता येते, घाण ओढून घेता येते. कॅप्सूल बिचारी बिनहाताची. आतडं आरशासारखं लख्ख नसेल तर तिला काळोखच दिसणार. म्हणून हिची तयारी कोलोनोस्कोपीपेक्षाही कडक. आधीचे काही दिवस चोथा बंद, बिया बंद, दाणे बंद.

सोलापूरकराला दाणे बंद! शेंगाचटणी नाही, कडक भाकरी नाही, ज्वारीच नाही. मऊ भात आणि वरणावरचं पाणी. त्यात दिवस हुरड्याचे. मेहुण्याचा शेतावरून फोन, "भावजी, आगटी पेटलीय, या लवकर." मागून कुणीतरी कणसं चोळत असल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मी म्हटलं, "पोट साफ करायचंय." तो म्हणाला, "मग हुरडाच खावा की." सोलापुरात प्रत्येक दुखण्यावर काहीतरी खायचंच औषध असतं.

खरी परीक्षा मात्र पाण्याची. पावडर कालवलेलं चार लिटर औषध प्यायचं, अर्धं रात्री, अर्धं पहाटे. आत जाणाऱ्या पाण्याची व्यवस्था कागदावर सविस्तर लिहिलेली होती. नंतर बाहेर लागणाऱ्या पाण्याबद्दल एक ओळ नव्हती. हा कागद ज्या गावात छापला त्या गावात नळाला रोज पाणी येत असणार. उजनी धरण काठोकाठ भरलं तरी आमच्या नळाला त्याचं सोयरसुतक नसतं. पाणी आज आलं की मग मध्ये काही दिवस टाकीकडं बघत काढायचे. बायकोनं डॉक्टरांना सरळ विचारलं, "तारीख पाण्याच्या दिवसाला धरून देता येईल का?" डॉक्टरही इथलेच. हसले नाहीत. "तुमच्याकडं कधी सुटतं?" म्हणाले आणि डायरी काढली.

ठरल्या दिवशी पाणी सुटलंच नाही. कुठंतरी पाइप फुटला होता, आणि मी पहिला लिटर पिऊन बसलो होतो.

त्या औषधाची चव खारट, थोडी गोडूस, शेवटी लिंबाचा खोटा वास. पहिले दोन पेले माणूस शूर असतो. चौथ्यानंतर पेला हातात धरून भिंतीकडं बघत राहतो. मग पोटात गुडगुड झाली आणि माझं येणं-जाणं सुरू झालं. दर खेपेला दाराबाहेरून बायको टाकीची पातळी सांगायची. "अर्धी." थोड्या वेळानं, "अर्ध्याच्या खाली." त्या आवाजानं आतल्या माणसावर काय दडपण येतं हे तिला कोण सांगणार!

रात्री उशिरा शेजारच्या मावशी दोन घागरी घेऊन दारात उभ्या. "भावजीचं पोटाचं काम हाय म्हणं," म्हणाल्या. पाठोपाठ समोरच्या घरातून बादल्या आल्या. सगळे मला बघून इतक्या आपुलकीनं हसत होते की बादली नको म्हणायची सोय नव्हती, आणि परिस्थितीही नव्हती.

सकाळी दवाखान्यात पोटावर पट्टा बांधला, खांद्याला रेकॉर्डर अडकवला. सिस्टरनं डबी उघडली. दोन दाण्यांच्या शेंगेएवढी कॅप्सूल, आणि लुकलुकत होती. मी साधी तापाची गोळीसुद्धा तोडून घेणारा माणूस. "ही तोडून घेतली तर..." एवढं बोलेपर्यंत सिस्टरनं डबी मागं ओढली. शेवटी पाण्याच्या घोटाबरोबर जिभेवर ठेवली. तोंड मिटल्यावरही गालाच्या आतून उजेड पडत होता, असं बायको सांगते. मग ती गेली. काही जाणवलंसुद्धा नाही. एवढ्या तयारीनंतर निदान थोडं दुखायला तरी हवं होतं.

नंतर रेकॉर्डर वाजला, थरथरला, पडद्यावर आकडा आला. कॅप्सूल लहान आतड्यात पोचली, आता तिला ढकलायला आणखी औषध प्या. म्हणजे प्यायचं अजून होतंच! फेऱ्या मारत होतो तेवढ्यात मित्राचा फोन. "काय करायलास बे?"

"फोटो काढून घ्यायलोय."

"पासपोर्टचा?"

मी फोन ठेवला.

संध्याकाळी घरी कॅप्सूल बाहेर पडली, बॅटरी संपायच्या आत. पडली की नाही हे बघणं सक्तीचं, कारण ती आत असेपर्यंत एमआरआय करता येत नाही. टॉर्च घेऊन वाकलो. खाली ती ऐटीत लुकलुकत होती. बायको म्हणाली, "एवढी महाग वस्तू टाकून द्यायची?" एकदाच वापरायची असते म्हटलं तर तिचा जीव हळहळला. आमच्या घरात गळका पाइपसुद्धा पुढं कधीतरी लागेल म्हणून माळ्यावर असतो. तिला पटवण्यात आणि मग एका बादलीत निभवण्यात बराच वेळ गेला. तेवढा वेळ कॅमेरा चालूच होता.

ते आठवड्यानं कळलं. डॉक्टरांनी पडद्यावर गुलाबी बोगदा दाखवला, खरोखर लख्ख. सरकत सरकत शेवटच्या चित्रांत पांढरं भांडं आलं आणि त्यावर वाकलेला, डोळे बारीक केलेला एक चेहरा. "हे आपणच," डॉक्टर अदबीनं म्हणाले. बायकोनं ते चित्र मोबाइलवर मागून घेतलं. ते मेहुण्यापर्यंत गेलं आहे, याची मला खात्री आहे.

बाकी सगळं ठीक. फक्त उजव्या बाजूला एक बारका पॉलिप, सहा-सात मिलिमीटरचा. कॅप्सूल बघू शकते, कापू शकत नाही. तो काढायला पुन्हा दुर्बीणच, आता बलून लावलेली, अशा लांब आतड्यांतून वाट काढणारी. पुण्याला जावं लागेल. आणि तयारी? तीच. पुन्हा चार लिटर.

मी कपाळाला हात लावला. बायकोचा चेहरा मात्र उजळला.

"पुण्यालाच करू," ती म्हणाली, "तिथं रोज पाणी येतं म्हणे."